लिनक्स संगणक-जाळे (पुणे)

लिनक्स ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम बसवलेले संगणक एकमेकांना जोडून फायली, प्रिंटर, इंटरनेट आणि गणनक्षमता सामायिक वापरण्याची व्यवस्था. लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्राचे भाग आणि प्रोग्राम यांना जोडणारा गाभा, १९९१ मध्ये जाहीर केला. त्याच्या जोडीची बरीच साधने १९८३ मध्ये घोषित झालेल्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातली आहेत.

लिनक्समध्ये घरचा संगणक आणि सर्व्हर असा मूलभूत भेद नाही. टीसीपी/आयपीचे, म्हणजे जाळ्यावरच्या देवाणघेवाणीच्या नियमांचे, काम कर्नलच करतो. त्यामुळे दोन नेटवर्क कार्डे असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर पॅकेट (माहितीचे तुकडे) पुढे पाठवण्याची सोय चालू केली आणि फायरवॉलला (ये-जा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला) पत्ता बदलण्याचा नियम दिला, की तोच राउटर होतो. आतल्या यंत्रांचे १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते मग बाहेर दिसत नाहीत. पत्ते वाटायला डीएचसीपी आणि दुरून ताबा घ्यायला एसएसएच असते, म्हणून असे यंत्र मॉनिटर-कीबोर्डाशिवाय कपाटातही चालते. लिनक्स फुकट असते म्हणून वापरतात, हे खरे असले तरी अपुरे आहे. बहुतेक सेटिंग साध्या मजकुराच्या फायलींत असते, आणि एका यंत्रावर जमलेली घडी सगळ्या लॅबवर उतरवता येते. लॅब सांभाळणाऱ्याला याचे मोल परवान्याच्या बचतीहून जास्त वाटते.

महाविद्यालयीन लॅबसाठी हार्डडिस्कविना यंत्रे नेटवर्कवरूनच सुरू करण्याची पद्धतही आहे. यंत्र कर्नल सर्व्हरकडून घेते आणि फायली एनएफएस या जाळ्यावरून फायली वापरू देणाऱ्या पद्धतीने वाचते. मात्र सर्व्हर बसला की सगळी लॅब बसते, आणि प्रात्यक्षिक परीक्षेला अख्खी बॅच एकदम लॉगिन झाली की यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या जुन्या स्विचची परीक्षा आधी होते. पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांचा मुक्त सॉफ्टवेअर गट आहे.

जोडणीचे सामान साधेच : केबल, तिच्या टोकाला बसणारा आरजे-४५ कनेक्टर, आणि तो दाबून बसवणारी क्रिंपिंगची पकड. बुधवार पेठेतली तापकीर गल्ली अशा सामानासाठी सोयीची. तांब्याच्या केबलला दोन टोकांत १०० मीटरची मर्यादा असते. पेठांतल्या जाड भिंतींच्या वाड्यांत वायफाय अडखळते, तिथे केबलच बरी.

याच पद्धतीचे मोठे रूप पुणे परिसरात संशोधनासाठी उभे राहिले. टाटा समूहाचा ‘एक’ हा पुण्यातला महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या सर्वांत वेगवान महासंगणकांच्या जागतिक यादीत चौथा होता. तो म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या, वेगवान जाळ्याने बांधलेल्या सर्व्हरांचा समूह. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचे संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती केंद्रात येतात. ते जुळवण्याचे काम पूर्वी खास बनवलेली यंत्रणा करत असे. पुढे ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या लिनक्स समूहाकडे आले. सीडॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचा ‘परम ८०००’ हा महासंगणक (१९९१) मात्र या परंपरेतला नव्हे. तो ट्रान्सप्युटर या एकमेकांना जोडता येणाऱ्या खास प्रोसेसरवर आधारलेला होता आणि लिनक्स तेव्हा नुकते जन्माला येत होते.

मराठी वापराची अडचण जाळ्यापेक्षा मजकुरात आहे. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती, येण्यापूर्वी पुण्यातच तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या प्रणालींत अक्षरांचे संकेत त्या-त्या फाँटशी बांधलेले असत. तशी फाइल लिनक्सवर उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. रूपांतरक वापरता येतो, पण त्यानंतर जोडाक्षरे आणि रफार तपासून घ्यावेच लागतात. युनिकोडसाठी लोहितसारखे मुक्त फाँट आले आणि लिनक्सवर देवनागरी सुकर झाली. जुनी डीटीपी (छपाईसाठी संगणकावर पाने मांडण्याचे काम) मात्र तशीच राहिली. अशा ठिकाणी मिश्र जाळे सोयीचे पडते. पानांची मांडणी विंडोजवर करायची, आणि फायलींचा साठा व रोजचा बॅकअप लिनक्स सर्व्हरवर ठेवायचा. दोन्हींत देवाणघेवाण सांबा या १९९२ पासूनच्या प्रणालीने होते. विंडोजवर बसलेल्याला तो सर्व्हर नेहमीच्या शेअर्ड फोल्डरसारखाच दिसतो.