नूव्हो, एनव्हिडिया आणि एनव्हिडिया-ओपन: यातलं ‘ओपन’ नेमकं काय?

उबुंटू या लिनक्सच्या डिस्ट्रोत, म्हणजे तयार वितरणात, ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मधला ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ हा टॅब उघडला की एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर बऱ्याच ओळींची यादी येते. त्यातल्या एका ओळीत ‘ओपन कर्नल’ असं लिहिलेलं असतं, आणि त्याच ओळीच्या शेवटी कंसात ‘प्रोप्रायटरी’, म्हणजे कंपनीच्या मालकीचं, बंद. नूव्हो या दुसऱ्या ड्रायव्हरची ओळ वेगळी, तिच्यापुढे ‘ओपन सोर्स’. एकाच ओळीत ओपन आणि बंद दोन्ही पाहून माणूस गोंधळतो, पण ती छपाईची चूक नाही.

ड्रायव्हर म्हणजे एकच फाइल नसते. कार्डाशी थेट बोलणारं, मेमरी वाटणारं, स्क्रीन चालू करणारं ते कर्नल मॉड्यूल, म्हणजे कर्नल या लिनक्सच्या गाभ्याला जोडला जाणारा भाग. ब्लेंडर किंवा गेमकडून आलेलं ओपनजीएल, व्हल्कन (चित्रासाठी), कुडाचं (कार्डावरच्या आकडेमोडीसाठी) काम कार्डाला कळेल अशा सूचनांत बदलतात त्या लायब्ररी. आणि बूट होताना कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरमध्ये भरलं जातं ते फर्मवेअर.

एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये ड्रायव्हरच्या ५१५ या मालिकेबरोबर कर्नल मॉड्यूलचा सोर्स एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याखाली खुला केला. पॅकेजच्या नावातलं ‘-ओपन’ ते हे, आणि तेवढंच. लायब्ररी बंदच आहेत. शिवाय ट्युरिंग पिढीपासून कार्डावर जीएसपी नावाचा प्रोसेसर आला आणि पूर्वी मॉड्यूल करायचं त्यातलं बरंच काम त्याच्या बंद फर्मवेअरमध्ये गेलं. ओसरी उघडी, माजघराला कुलूप. नूव्होचं तसं नाही. ते बाहेरच्या लोकांनी रिव्हर्स इंजिनिअरिंग करून, म्हणजे कार्ड कसं वागतं ते बाहेरून उकलून, उभं केलं, २०१० मध्ये २.६.३३ या कर्नलबरोबर लिनक्समध्ये आलं, आणि त्याच्या लायब्ररी मेसा या खुल्या ग्राफिक्स प्रकल्पाच्या, म्हणजे त्याही खुल्या. फर्मवेअर मात्र नव्या कार्डांवर त्यालाही एनव्हिडियाचंच लागतं.

तेव्हा तत्त्वाचा वाद नंतर घालू. आधी कार्ड कोणत्या पिढीचं आहे ते पाहा, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो.

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या ऑफिसांत जीटी ७१० लावलेला डेस्कटॉप असेल तर ते कार्ड केप्लर पिढीचं. त्याच्यासाठी एनव्हिडियाची शेवटची मालिका ४७०, आणि ती नव्या कर्नलवर बिल्ड होताना अडखळते. इथे नूव्होच ठेवावा. ब्राउझर, लिब्रेऑफिस, फुल एचडी स्क्रीन एवढं निवांत चालतं. दुकानदार ‘चालशे’ म्हणाला म्हणून इथे ५८० टाकलं, तर ते मॉड्यूल हे कार्ड ४७० च्या लेगसी ड्रायव्हरचं आहे असं लॉगमध्ये नोंदवून त्याच्याकडे दुर्लक्ष करतं. आणि पॅकेजने नूव्होला आधीच काळ्या यादीत टाकलेलं असल्यामुळे स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर येऊन बसते.

सेकंडहँड बाजारात हमखास मिळणाऱ्या जीटीएक्स १०५० आणि १०६० ची अवस्था सगळ्यात वाईट. जीटीएक्स ९०० (मॅक्सवेल) आणि १० (पास्कल) मालिकेत कार्डाचा क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग, वाढवायला एनव्हिडियाची सही असलेलं फर्मवेअर लागतं, आणि ते नूव्होला कधी मिळालंच नाही. त्यामुळे कार्ड बूट होतानाच्या मंद क्लॉकवर रांगत राहतं. नूव्हो स्लो आहे ही तक्रार बहुतेक वेळा याच कार्डांची असते, आणि दोष नूव्होवाल्यांचा नाही. ‘-ओपन’सुद्धा इथे चालत नाही, कारण या कार्डांत जीएसपीच नाही. उरतो पूर्ण बंद ड्रायव्हर, आणि मॅक्सवेल-पास्कलसाठी त्याची शेवटची मालिका ५८०. डिस्ट्रोने ५९० आणलं तरी या कार्डांनी ५८० वरच थांबायचं.

जीटीएक्स १६५०, आरटीएक्स २०६०, ३०५०, ४०६० या ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांवर तिन्ही पर्याय चालतात. एनव्हिडिया स्वतः २०२४ मधल्या ५६० मालिकेपासून इथे ‘-ओपन’च सुचवते. अपवाद आरटीएक्स ५० मालिकेचा, तिथे बंद मॉड्यूल चालतच नाही. त्यामुळे नव्या ५०६० वर सवयीने ‘-ओपन’ नसलेलं पॅकेज टाकलं की लॉगिनऐवजी काळा पडदा येतो.

नूव्होसुद्धा या कार्डांवर आता बदलला आहे. जानेवारी २०२४ च्या ६.७ कर्नलपासून तो जीएसपी फर्मवेअर वापरू शकतो, म्हणून क्लॉक वर जातो. आणि मेसातला एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर २४.१ पासून प्रायोगिक राहिलेला नाही. रोजच्या डेस्कटॉपला पुरतो. पण कुडा नाही, एनव्हिडियाचं रेंडरसाठीचं ऑप्टिक्स नाही. फाइन आर्ट्समध्ये शिकणाऱ्या कुणाला ब्लेंडरमध्ये सायकल्स या त्याच्या रेंडर इंजिनने रेंडर करायचं असेल तर नूव्होवर सगळा भार सीपीयूवर पडतो, आणि बडोद्याच्या मे महिन्यात बंद खोलीत रात्रभर तसं रेंडर लावणं म्हणजे मशीनला भट्टीत घालणं. तिथे एनव्हिडियाचाच ड्रायव्हर घ्या.

आत्ता काय चालू आहे ते कसं ओळखायचं? (आज्ञा इथे उच्चाराने लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये, छोट्या अक्षरांत.) टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -के’ द्या आणि ग्राफिक्सच्या नोंदीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ शोधा. लॅपटॉपवर एनव्हिडियाची नोंद बऱ्याचदा ‘व्हीजीए’ऐवजी ‘थ्रीडी कंट्रोलर’ या नावाने असते, म्हणून नुसतं व्हीजीए शोधलं तर इंटेलचंच चिप दिसतं. आणखी एक फसगत अशी की बंद मॉड्यूल असो वा ‘-ओपन’, या ओळीत दोघांचंही नाव ‘एनव्हिडिया’च येतं. फरक कळतो तो ‘मॉडइन्फो एनव्हिडिया’च्या लायसन्स या ओळीत: तिथे ‘ड्युअल एमआयटी/जीपीएल’ असेल तर ओपन, नुसतं ‘एनव्हिडिया’ असेल तर बंद. आणि ‘जीएलएक्सइन्फो -बी’च्या (हा एकटा बी मात्र मोठ्या लिपीतला) रेंडरर ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर कोणताच ड्रायव्हर चालू नाही, सगळं चित्र सीपीयू काढतोय. याचं नेहमीचं कारण म्हणजे इन्स्टॉल करताना घातलेला ‘नोमोडसेट’ हा पर्याय ग्रबमध्ये, म्हणजे बूटच्या मेनूत, तसाच राहिलेला असतो.

टाकायचं ते डिस्ट्रोच्या पॅकेजमधूनच. उबुंटूवर ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ शिफारस दाखवतं, ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ ती बसवतं. फेडोरावर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या पॅकेज-साठ्यातून ‘एकेमॉड-एनव्हिडिया’ घेतल्यावर लगेच रीबूट करू नका. मॉड्यूल मागे बिल्ड होत असतं, पाचेक मिनिटं द्या. वेबसाइटवरची ‘.रन’ फाइल टाळा. पुढच्या अपडेटला पॅकेज आणि ती फाइल एकमेकांच्या पायात पाय घालतात.

सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं मॉड्यूल अडवणारी सोय, चालू असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड मागितला जातो. तो आठवणीत ठेवा. रीबूटनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच द्यायचा असतो. हा पडदा काही सेकंदच थांबतो, आणि कळ न दाबता तो निघून गेला तर मॉड्यूल लोड होत नाही. लॉगमध्ये ‘की वॉज रिजेक्टेड’ अशी ओळ राहते. माणूस मात्र ड्रायव्हरच खराब आहे असं समजून तीनदा इन्स्टॉल करत बसतो.

कर्नल अपडेट झाल्यावर काळा पडदा आला तर बहुधा नव्या कर्नलची हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल्स) नसल्यामुळे डीकेएमएसला, म्हणजे दर कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधणाऱ्या साधनाला, मॉड्यूल बांधता आलेलं नसतं. ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीच्या कर्नलने आत शिरा, हेडर्स टाका, मग नव्यावर जा. नूव्होला ही कटकट नाही, तो कर्नलबरोबरच येतो.

एएमडी आणि इंटेलवाल्यांना यातलं फारसं काही लागू नाही. एएमडीजीपीयू हे मॉड्यूल कर्नल ४.२ पासून, म्हणजे २०१५ पासून, लिनक्समध्येच आहे, वरचं काम मेसा करतं, आणि कंपनीच्या साइटवरून वेगळं काही उतरवायची सहसा गरज नसते.

एनव्हिडियावरून नूव्होवर परत यायचं असेल तर ‘एनव्हिडिया’ने सुरू होणारी पॅकेजं ‘पर्ज’ने काढा, साधं ‘रिमूव्ह’ पुरत नाही. मग ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब.डी’ या फोल्डरमध्ये नूव्होला ब्लॅकलिस्ट करणारी फाइल उरली आहे का पाहा. असेल तर ती उडवा, ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा आणि त्यानंतरच रीबूट करा. ती फाइल राहिली तर एनव्हिडियाही नाही आणि नूव्होही नाही, पुन्हा तेच १०२४ बाय ७६८.