चार स्पीकर आणि दोन भिंतींची खोबण: घरातल्या सराउंड संगीताची पार्श्वभूमी

घरी सराउंड, म्हणजे पुढून-मागून चहूबाजूंनी येणारं संगीत ऐकवणारी साधनं गेल्या पन्नासेक वर्षांत अनेकदा बाजारात आली आणि गेली. दर वेळी खापर श्रोत्यांवर फुटलं: लोकांना मागे स्पीकर नकोत, खोलीभर वायरी नकोत. त्यात तथ्य आहेच, पण खरं घोडं बहुतेक वेळा मधल्या वाटेवर अडलं. स्टुडिओत चार किंवा सहा चॅनल, म्हणजे आवाजाचे स्वतंत्र प्रवाह, सहज मुद्रित होत. ते घरातल्या स्पीकरपर्यंत एकमेकांत न मिसळता पोचवणारी तबकडी, टेप किंवा केबल नसे.

अभियंते ॲलन ब्लुमलाइन यांच्या १९३१च्या ब्रिटिश पेटंटमध्ये तबकडीच्या एकाच खोबणीच्या दोन भिंतींवर दोन चॅनल कोरण्याची कल्पना होती. डिस्नेच्या १९४०च्या ‘फँटेशिया’साठी चित्राच्या फिल्मसोबत ध्वनीची स्वतंत्र फिल्म चालवली गेली, पण ती यंत्रणा घरात येण्यातली नव्हती. घरात आली ती ब्लुमलाइन यांची दोन भिंतींची कल्पना, १९५०च्या दशकाच्या शेवटी, स्टिरिओ एलपीच्या रूपाने. खोबणीला भिंती दोनच. पुढच्या सगळ्या खटपटी या एका अडचणीभोवती फिरल्या.

टेपला ही अडचण नव्हती. पाव इंची रीळ टेपवर चार ट्रॅक आधीपासून होतेच, दोन जातानाचे आणि दोन रीळ उलटल्यावरचे. चारही एकाच दिशेने वाचले की झालं चार चॅनलचं क्वाड्राफोनिक, म्हणजेच क्वाड. व्हॅनगार्ड कंपनीने १९६९मध्ये अमेरिकेत अशी रिळं काढली. तोटा इतकाच, की तेवढीच टेप निम्मा वेळ पुरे. पुढे १९७०मध्ये आरसीए कंपनीने एट-ट्रॅक कार्ट्रिजवर (डबीतल्या अखंड फिरणाऱ्या टेपवर) हाच हिशेब मांडला: आठ ट्रॅकवर चार स्टिरिओ भागांऐवजी दोन क्वाड भाग. ही क्वाड कार्ट्रिज आजही ऐकता येतात, पण आहे तशी यंत्रात घालू नयेत. आतल्या फोमच्या गाद्यांचा भुगा झालेला असतो. टेपच्या जोडावरच्या धातूच्या पट्टीचा गोंद सुकलेला असतो, आणि पहिल्याच फेरीत जोड सुटून टेप आत ओढली जाते. गादी आणि पट्टी दोन्ही आधी बदलायच्या, मगच वाजवायचं.

खप मात्र एलपीचा होता, त्यामुळे चार चॅनल त्या दोन भिंतींवर बसवणं भाग पडलं. पहिला उपाय मॅट्रिक्सचा. पीटर शायबर यांनी दाखवलेल्या या पद्धतीत चार चॅनल ठरावीक प्रमाणात आणि ठरावीक फेजमध्ये (लहरींच्या चढउताराच्या वेळेत) मिसळून दोन करतात, आणि घरी डिकोडर त्यांचे पुन्हा चार करतो. शाळेतल्या बीजगणितानेच यातली गोम कळते: दोन समीकरणांतून चार अज्ञात संख्या नेमक्या निघत नाहीत. सीबीएस कंपनीत बेंजामिन बाउअर यांनी घडवलेल्या एसक्यू पद्धतीत पुढचा डावा आणि उजवा एकमेकांपासून स्वच्छ वेगळे राहत, पण साध्या डिकोडरवर पुढच्या आणि मागच्या स्पीकरमधला फरक जेमतेम ३ डेसिबल असे. सान्सुई कंपनीच्या क्यूएस मॅट्रिक्समध्ये तिरपे समोरासमोरचे कोपरे वेगळे राहत, शेजारचे मात्र ३ डेसिबलवर अडत. एवढ्या फरकात व्हायोलिन मागून येतंय असं वाटतं खरं, पण ते पुढेही ऐकू येत राहतं.

मग ‘लॉजिक’ डिकोडर आले. ज्या दिशेचा आवाज क्षणभर जोरात, ती दिशा उचलून धरायची आणि बाकीच्या दाबायच्या. एकटा गायक असला की हे छान जमे. सगळा वाद्यवृंद एकदम वाजू लागला की मागचा आवाज श्वास घेतल्यासारखा फुगू-ओसरू लागे. सान्सुईचं व्हॅरिओ-मॅट्रिक्स आणि पुढे ‘टेट’ नावाची यंत्रणा यांनी ही खोड बरीच कमी केली, पण तोवर गिऱ्हाइकाचा उत्साह मावळला होता. एसक्यूची एलपी क्यूएस डिकोडरवर लावली की वाद्यं भलत्याच कोपऱ्यात जातात. त्यामुळे वेष्टणावरचं चिन्ह आधी बघावं. आज ही मॅट्रिक्स संगणकावर सॉफ्टवेअरने उलगडली जातात. तिथे एक पथ्य आहे: एलपीचं डिजिटल रूपांतर करताना एमपी३ करू नये. मागच्या चॅनलची सगळी माहिती फेजमध्ये दडलेली असते आणि ते कॉम्प्रेशन नेमकी तीच विस्कटतं.

दुसरा उपाय जेव्हीसी कंपनीचा, सीडी-४. नावात सीडी असलं तरी ही एलपीच, आणि आमच्या मते त्या काळातली सगळ्यात धीट करामत. खोबणीच्या प्रत्येक भिंतीवर ऐकू येणाऱ्या पट्टीत त्या बाजूच्या पुढच्या-मागच्या चॅनलची बेरीज कोरायची. त्यांची वजाबाकी ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर चढवायची, एफएम रेडिओसारखी. डीमॉड्युलेटर, म्हणजे वाहक लहर उलगडणारं यंत्र, बेरीज-वजाबाकी जुळवून खरेच चार वेगळे चॅनल देतो. त्यासाठी सुईला ४५ किलोहर्ट्झपर्यंतची नक्षी वाचावी लागते. साधी गोल टोकाची सुई तिथे पोचत नाही, उलट वाहक लहरच घासून टाकते. शिबाटा आकाराची सुई याच गरजेतून जन्मली. क्वाड गेलं, सुई राहिली. स्टिरिओ ऐकणारे आजही ती आवडीने वापरतात.

सीडी-४मध्ये मागून सॅंडपेपर घासल्यासारखा खरखराट आला, तर पाहण्याच्या गोष्टी तीन. सुई लाइन-कॉन्टॅक्ट (शिबाटासारख्या, भिंतीला रेषेत टेकणाऱ्या) जातीची आहे ना? टर्नटेबलपासून डीमॉड्युलेटरपर्यंतच्या केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार धरून ठेवण्याची क्षमता) १०० पिकोफॅरडच्या आत आहे ना? जास्त असेल तर उंच कंपनं केबलमध्येच विरतात. आणि डीमॉड्युलेटरच्या कॅरियर व सेपरेशनच्या चकत्या त्या सुईसाठी लावल्या आहेत ना? हे सगळं ठीक असूनही खरखर राहिली, तर एलपी आधीच कुणीतरी साध्या सुईने झिजवलेली आहे. त्यावर इलाज नाही.

डेव्हिड हॅफलर यांनी डिकोडरलाच फाटा देणारी युक्ती मांडली. मागच्या दोन स्पीकरची ऋण टोकं एकमेकांना जोडायची आणि धन टोकं ॲम्प्लिफायरच्या डाव्या व उजव्या धन टोकांना. मग मागे फक्त डाव्या-उजव्यातला फरक वाजतो, म्हणजे बहुधा सभागृहाची गुंज आणि टाळ्या. खर्च वायरीपुरता. मात्र ॲम्प्लिफायरची दोन्ही ऋण टोकं आतून एकाच ग्राउंडला जोडलेली हवीत. ब्रिज पद्धतीच्या आणि अनेक नव्या डिजिटल ॲम्प्लिफायरांत ती तशी नसतात, तिथे हा प्रयोग करू नये.

क्वाडची मांडणीही मुळात अवघड होती. चार स्पीकर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत ठेवले की पुढच्या दोघांत ९० अंशांचा कोन पडतो आणि मधोमध उभ्या गायकाच्या जागी भगदाड जाणवतं. बाजूला तर त्याहून कठीण. दोन्ही कान पुढच्या आवाजांच्या डाव्या-उजव्या फरकावर विसंबतात. एकाच बाजूच्या पुढच्या आणि मागच्या स्पीकरच्या मध्ये वाद्य स्थिर उभं राहत नाही, मान किंचित वळली की उडी मारतं. ऑक्सफर्डच्या मायकेल गेरझन यांनी हे ओळखून ॲम्बिसॉनिक्स मांडलं. त्यात चॅनल स्पीकरचे नसतात, ध्वनिक्षेत्राच्या दिशांचे असतात. घरात ते रुजलं नाही, पण आभासी वास्तवाच्या ध्वनीत आज तेच वापरलं जातं.

१९७०चं दशक सरता सरता क्वाड दुकानांतून गेलं, मात्र मॅट्रिक्स सिनेमात शिरलं. डॉल्बी स्टिरिओच्या फिल्मवर दोन पट्ट्यांत चार चॅनल असत. व्हिडिओ कॅसेट घरी आली तेव्हा तिच्या स्टिरिओ पट्ट्यांत हे चार आपसूक आले. घरगुती डॉल्बी सराउंड १९८२चं, प्रो लॉजिक १९८७चं. मागचा चॅनल एकच आणि तोही ७ किलोहर्ट्झपर्यंत कापलेला. सिनेमाला पुरे, संगीताला तोकडा. टेटवर काम केलेले जिम फॉसगेट यांनीच पुढे प्रो लॉजिक २ घडवलं, म्हणजे क्वाडचं घराणं इथेही चालू राहिलं.

५.१ची, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरची मांडणी संगीतासाठी आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीत पक्की झाली: मध्य स्पीकर समोर, डावा-उजवा ३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांवर. नंतर डीटीएस सीडी आल्या, साध्या सीडीच्या जागेत सहा चॅनल कोंबलेल्या. साध्या प्लेअरच्या ॲनालॉग वाटेने त्या लावल्या तर नुसता जोरदार खरखराट येतो. डिजिटल केबल हवी आणि प्लेअरचा डिजिटल व्हॉल्यूम पूर्ण हवा, नाहीतर बिट बदलून डिकोडर गप्प बसतो.

१९९९मध्ये एसएसीडी आणि २०००मध्ये डीव्हीडी-ऑडिओ या उच्च दर्जाच्या संगीताच्या डिस्क आल्या. दर्जा उत्तम, भांडण जुनंच: दोन फॉरमॅट, एकमेकांना न चालणारे. शिवाय नकलेच्या भीतीने पूर्ण दर्जाचा डिजिटल सिग्नल सुरुवातीला बाहेरच देत नसत. सहा ॲनालॉग केबल ओढाव्या लागत, आणि त्या वाटेने आलेल्या आवाजाला अनेक रिसीव्हरमध्ये (डिकोडर आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेल्या यंत्रात) अंतराची किंवा बासच्या वाटणीची सेटिंग लागूच होत नसे. लहान स्पीकरांचा बास त्यामुळे हरवायचा. सबवूफरचा चॅनलही काही जोड्यांत १० डेसिबल दबका येई. अजून असा जोड वापरणाऱ्यांनी त्या इनपुटपुरती सबची पातळी तेवढी वाढवून पाहावी. एसएसीडीचा मूळ डिजिटल सिग्नल, डीएसडी, एकाच केबलमधून नेण्याची सोय २००५च्या एचडीएमआय १.२मध्ये झाली, पण तोवर श्रोते फाइलींकडे वळले होते.

डॉल्बीचं ॲटमॉस २०१२मध्ये सिनेमागृहांत आणि २०१४मध्ये घरी आलं. यात आवाजासोबत त्याची जागा लिहिलेली असते, आणि स्पीकर किती आहेत ते पाहून रिसीव्हर वाटणी करतो. २०२१मध्ये ॲपल म्युझिकने ते घरोघरी पोचवलं, बहुतेकांच्या हेडफोनपर्यंतच. स्ट्रीमिंगचं ॲटमॉस कॉम्प्रेस केलेलं असतं. ब्लू-रेवरचं ट्रूएचडी मूळ मुद्रणाशी तंतोतंत असतं, पण टीव्हीमार्गे रिसीव्हरला न्यायचं तर साधा एआरसी (टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलमधून रिसीव्हरकडे परत नेणारी सोय) पुरत नाही, त्याची वाढीव आवृत्ती ई-एआरसी लागते. रिसीव्हरच्या पडद्यावर ‘ॲटमॉस’ उमटत नसेल तर वाटेत कुणीतरी साधे ५.१ किंवा दोन चॅनल केलेले असावेत.

गंमत म्हणजे या नव्या डिस्कवर परत येतंय ते १९७०च्या दशकातलं क्वाडच. पेंटाटोनने फिलिप्सची क्वाड मुद्रणं एसएसीडीवर काढली, डटन व्होकॅलिअन आणि ऱ्हायनो यांनीही जुन्या चार चॅनलच्या टेपा बाहेर काढल्या. या डिस्कमध्ये मध्य आणि सब रिकामे असतात, ते बिघाड नव्हे. रिसीव्हर ‘डायरेक्ट’वर ठेवावा, नाहीतर अपमिक्सर, म्हणजे कमी चॅनलचे जास्त करणारी सोय, मधल्या स्पीकरमध्ये आवाज ओढतो. स्पीकर लहान असतील आणि डायरेक्टमध्ये बासची वाटणी बंद पडत असेल, तर साधा मोड घेऊन फक्त अपमिक्स बंद करावा आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचा बास सबकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झवर ठेवावा. मागचे स्पीकर शक्य असल्यास १३५ अंशांपर्यंत सरकवावेत, कारण मिश्रण करणाऱ्याने ते तिथेच धरले होते. अंतर कानापासून टेपने मोजून भरावं. १ मीटरची चूक म्हणजे जवळपास ३ मिलिसेकंद, आणि एवढ्याने मागची वाद्यं पुढच्यांपासून सुटी पडतात.