उपग्रह फोन आणि उपग्रह इंटरनेट : नागपूर परिसर

मोबाइलचा टॉवर पोहोचत नाही अशा ठिकाणाहून उपग्रहामार्फत बोलण्याची आणि इंटरनेट वापरण्याची सोय. इथे फोनचे रेडिओ संकेत आकाशातला उपग्रह झेलतो आणि जमिनीवरच्या दूरच्या केंद्राकडे, म्हणजे भूकेंद्राकडे, पाठवतो. तिथून पुढे बोलणे नेहमीच्या दूरध्वनी जाळ्यात जाते. सीताबर्डीच्या गर्दीत उभ्या असलेल्याला याची गरज जाणवणार नाही. पण पेंचच्या रानात, मेळघाटच्या दऱ्यांत किंवा गडचिरोलीच्या दक्षिणेला गेले की ‘टॉवर भेटत नाही’ हे वैदर्भी वाक्य दिवसातून दहादा ऐकू येते.

अशा गावांत रेंजची एक ठरलेली जागा असते : तलावाची पाळ, टेकडीवरचे मोहाचे झाड, शाळेच्या गच्चीचा एखादा कोपरा. रेशनचे ई-पॉस यंत्र अंगठा घ्यायला तिथे न्यावे लागते. कुणाला साप चावला तर १०८ ला फोन लावण्यासाठी आशाताईला आधी तिथवर पळावे लागते. उपग्रह सेवेचे मोल या पळण्यात जाणाऱ्या वेळावरून ठरवावे. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की आलापल्लीकडचा रस्ता बंद होणे हे तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. त्यातच वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली, की रस्ता आणि फोन दोन्ही एकाच दिवशी तुटतात.

कक्षा आणि विलंब. दळणवळणाचे उपग्रह मुख्यतः दोन प्रकारच्या कक्षांत असतात. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ कि.मी. उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरतो, त्यामुळे तो आपल्याला एका जागी स्थिर भासतो. इन्मारसॅट आणि थुराया या कंपन्यांचे उपग्रह फोन अशा उपग्रहांवर चालतात. नागपूरहून ७४ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे झुकलेला, क्षितिजापासून साधारण ६४ अंश उंचीवर येतो. शहरातल्या गच्च्यांवरच्या टीव्हीच्या छत्र्या (डिश अँटेना) दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे तोंड करून असतात, त्या याच कारणाने. संकेत वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो. प्रश्न आणि उत्तर धरून अर्धा. ऐकायला हा वेळ थोडा वाटतो, पण सवय नसलेली दोन माणसे फोनवर एकमेकांचे बोलणे सारखे तोडत राहतात. बिनतारी संचावर ‘ओव्हर’ म्हणून थांबायची सवय असलेल्या पोलिसांना आणि वनरक्षकांना हे सोपे जाते.

दुसरा प्रकार निम्न, म्हणजे पृथ्वीजवळच्या, कक्षेतला. इरिडियम या कंपनीचे ६६ उपग्रह सुमारे ७८० कि.मी. उंचीवरून ध्रुवांवरून फिरतात. ही सेवा १९९८ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. जाळे मात्र नव्या मालकांकडे टिकले. निम्न कक्षेतला एक उपग्रह काही मिनिटांतच नजरेआड होतो आणि बोलणे पुढच्या उपग्रहाकडे सोपवले जाते. उपग्रह इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकचे बहुतेक उपग्रह ५५० कि.मी.च्या आसपास किंवा त्याहून खाली आहेत. त्यामुळे विलंब इतका कमी होतो की व्हिडिओ कॉलवर डॉक्टरशी नीट बोलता येते.

झाडे आणि पाऊस. विदर्भाच्या जंगलात या विषयाचा खरा कस लागतो, आणि जाहिरातींत नेमके हेच नसते. उपग्रह फोन १.५ ते १.६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. या लहरींना पावसाचा फारसा अडथळा होत नाही, पण ओल्या पानांचा होतो. पेंच आणि मेळघाटचे रान मुख्यतः सागाचे. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो, अँटेना उभारून फोन आकाशाकडे धरला की संपर्क होतो. पावसाळ्यात त्याच जागी परातीएवढ्या पानांचे छत तयार होते, वरून पाणी निथळत असते आणि फोन उपग्रह शोधतच राहतो. मग नाल्याचे पात्र, धानाची बांधी किंवा पाणवठ्याचा काठ गाठावा लागतो. म्हणून संपर्काची जागा पाहून ठेवायची तर मे महिन्यात पाहू नये, श्रावणात पाहावी.

इंटरनेटच्या छत्रीचे उलटे आहे. ती ‘कू’ (Ku) आणि ‘का’ (Ka) या अधिक वारंवारतेच्या पट्ट्यांत चालते आणि जोराच्या सरीत तिचा संकेत क्षीण होतो. मृगाच्या पहिल्या वादळी पावसात वेग पडतो, कधी जोडणी पूर्ण तुटते आणि सर ओसरली की परत येते. पूरग्रस्त तालुक्यात दोन्ही साधने ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे : छत्री रोजच्या कामाला, फोन अडचणीला.

कायदा. भारतात उपग्रह फोन दुकानातून आणून खिशात ठेवता येत नाही. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय असे उपकरण बाळगणेही गुन्हा ठरवले. थुराया आणि इरिडियमच्या फोनना देशात मनाई आहे. परवानगीने मिळतो तो इन्मारसॅटच्या उपग्रहांवर चालणारा, बीएसएनएलमार्फतचा फोन. त्याचे भूकेंद्र गाझियाबादला आहे. कॉल देशातल्या भूकेंद्रातून जावा आणि गरज पडल्यास तपासता यावा, असा यामागचा विचार. २००८ च्या मुंबई हल्ल्यातल्या दहशतवाद्यांनी थुराया फोन वापरला होता. त्यानंतर ही सावधगिरी अधिकच वाढली. परदेशी प्रवाशांना सामानातल्या अशा फोनमुळे भारतातल्या विमानतळांवर अटक झालेली आहे. ताडोबा-पेंचला वाघ पाहायला नागपूरच्या विमानतळावर उतरणाऱ्या पाहुण्याला त्याच्या यजमानाने हे आधीच कळवावे.

इंटरनेट. छोट्या छत्रीचे व्हीसॅट केंद्र विदर्भाला नवे नाही. आडबाजूच्या गावांतल्या बँक शाखा आणि एटीएम कित्येक वर्षे त्यावर चालत आली आहेत. नक्षलग्रस्त भागात उभारलेल्या बीएसएनएलच्या काही टॉवरांनाही फायबरऐवजी उपग्रहाचीच जोड मिळाली. गावकऱ्याच्या हातात साधा मोबाइल असतो, पण त्याचा आवाज उपग्रहावरून फिरून येतो. इस्रोच्या जीसॅट-११ (२०१८) आणि जीसॅट-एन२ (२०२४) या उपग्रहांनी देशाची ही क्षमता पुष्कळ वाढवली. नागपुरात व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात असलेले महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही उपग्रहांशी निगडित आहे, पण त्याचे काम नकाशांचे आणि प्रतिमांचे. दळणवळणाशी त्याची गल्लत करू नये.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने उपग्रह सेवेसाठी रेडिओ लहरींचे पट्टे (स्पेक्ट्रम) लिलावाविना, प्रशासकीय पद्धतीने देण्याची तरतूद केली. वनवेब आणि जिओच्या उपग्रह कंपनीनंतर जून २०२५ मध्ये स्टारलिंकलाही परवाना मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांची नावे आहेत.

वापर. मजुरीवर आणि तेंदूपत्त्यावर चालणाऱ्या घराला वेगळी छत्री आणि तिचे मासिक भाडे परवडणारे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, आश्रमशाळा, ग्रामपंचायत किंवा वनविभागाची संरक्षण कुटी यांपैकी एका ठिकाणी छत्री बसवून वायफाय सर्वांना खुले करणे, हीच इथे चालेल अशी रीत. मात्र निम्न कक्षेच्या छत्रीला सतत ५० ते १०० वॉट वीज लागते. झड लागली की सौर पॅनेल दिवसचे दिवस बॅटरी पुरेशी भरू शकत नाही. त्यामुळे बॅटरी उन्हाळ्याच्या हिशेबाने घेतली तर छत्री बंद पडते ती नेमकी पुराच्या दिवसांत. निविदेत छत्रीचा वेग ठळक लिहिलेला असतो. बॅटरी किती तास चालेल आणि पाच वर्षांनी ती कोण बदलेल, हेही तितकेच ठळक लिहिले पाहिजे. छत्री फिरली तर परत जुळवता येईल असा एक माणूस गावातच तयार करावा लागतो, कारण पूर आलेला असताना नागपूरहून तंत्रज्ञ येऊ शकत नाही.