आवाज थांबल्यानंतर

सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा, झटका येतो तेव्हा सगळं घर खडबडून जागं होतं. कानात माणसं बोलत असतात, सगळे आपल्या वाईटावर आहेत याची पक्की खात्री असते, झोप पार उडालेली असते. मग ॲडमिट करणं, इंजेक्शनं, गोळ्या. काही आठवड्यांत आवाज विरू लागतात, संशय निवळतो, डिस्चार्ज मिळतो आणि घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. बरं होण्याचा सगळ्यात लांबचा पल्ला मात्र इथून पुढे असतो. त्याची पुरेशी कल्पना घरच्यांना क्वचितच दिली जाते, आणि त्याचा त्रास रुग्णाला भोगावा लागतो.

1952 साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना दिलं गेलं, तिथून या उपचारांचं चित्र पालटलं. त्यानंतर आलेली बहुतेक औषधंही मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचा प्रभाव कमी करतात. समोरची कोणती गोष्ट महत्त्वाची, हे ठरवण्यात डोपामाइनचा मोठा वाटा असतो. मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी 2003 मध्ये मांडलेल्या विचारानुसार सायकोसिसमध्ये हे महत्त्व भलत्याच गोष्टींना चिकटतं. रस्त्यावरून जाणारा अनोळखी माणूस खोकला, तर तो आपल्यालाच केलेला इशारा वाटतो, आणि असे इशारे जोडून मन त्यांचा अर्थ लावत बसतं. औषधाने नवे इशारे थांबतात, पण लावलेला अर्थ लगेच पुसला जात नाही. त्याची पकड हळूहळू सुटते.

काही गोष्टींवर मात्र औषधांचा फारसा इलाज चालत नाही. ज्यात सायकोसिसचे झटके येतात त्या स्किझोफ्रेनिया या आजारातून सावरणाऱ्या माणसाची सकाळ पाहा. जाग आलेली असते, पण उठून ब्रश हातात घ्यायलाच अर्धा तास जातो. पेपरातली बातमी वाचताना शेवटच्या ओळीपर्यंत पहिली ओळ निसटलेली असते. दोन माणसं एकदम बोलायला लागली की दोघांचंही काही कळत नाही. आजाराने कामाची उमेदच मावळते, लक्ष आणि तात्पुरती स्मृती कमजोर होते, त्यात काही गोळ्यांची गुंगी. दारातून पाहणाऱ्याला हा निव्वळ आळस वाटतो. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला कुणी आळशी म्हणत नाही. इथे प्लास्टर दिसत नाही, एवढाच फरक.

भ्रम ओसरल्यावर आपण काय बोललो, कुणावर आरोप केले, हे आठवू लागतं. नोकरी गेलेली असते, मित्र दुरावलेले असतात. अनेकांना याच काळात नैराश्य येतं. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या आठवड्यांत आत्महत्येचा धोका बराच वाढलेला असतो. त्यामुळे ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर त्या माणसाला एकटं न सोडता लगेच डॉक्टरांना गाठावं.

घरातल्या वातावरणाचा आजारावर होणारा परिणाम मोजता आलेला आहे. 1950 च्या दशकात लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांना दिसलं, की आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्या रुग्णांचा आजार भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा उलटत होता. पुढे व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी 1976 मध्ये नऊ महिन्यांचा हिशेब मांडला. सतत टीका, राग किंवा अति काळजी असलेल्या घरांत सुमारे निम्म्या रुग्णांचा आजार उलटला, शांत घरांत सुमारे 13 टक्के रुग्णांचा. घरच्यांमुळे आजार होतो, असा याचा अर्थ अजिबात नाही. टीका येते ती बहुधा थकव्यातून आणि भीतीतून. घरच्यांना आजार समजावून दिला, बोलण्याची पद्धत शिकवली, की उलटण्याचं प्रमाण घटतं, हेही पुढच्या अभ्यासांत दिसलं. ‘किती लोळशील?’ याऐवजी ‘एवढ्या कपड्यांच्या घड्या घालू लागतोस का?’ इतका साधा बदलही मला मोलाचा वाटतो. आणि ‘गोळी घेतलीस का?’ हे दिवसातून एकदाच विचारावं.

गोळ्या मनाने बंद करणं, हे आजार उलटण्याचं मोठं कारण. वजन वाढतं, हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते, म्हणून माणूस त्या सोडतो. ही तक्रार खरी असते, आणि डॉक्टरांनी डोस किंवा औषध बदलून तिला उत्तर द्यायला हवं. आजार उलटण्याआधी बहुतेकदा काही दिवस खुणा दिसतात: झोप तुटते, माणूस खोलीत कोंडून घेतो, जुना संशय डोकं वर काढतो. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या, म्हणून बऱ्या काळात त्या स्वतः रुग्णानेच लिहून ठेवलेल्या चांगल्या.

स्किझोफ्रेनिया म्हणजे उतरती कळाच, असं जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्या काळापासून मानलं गेलं. संशोधक कोर्टनी हार्डिंग यांनी मात्र 1987 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या सरकारी मनोरुग्णालयातल्या 269 जुन्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षं आत असलेल्या या माणसांना पुनर्वसनाची मदत देऊन बाहेर आणलं होतं. सुमारे तीन दशकांनंतर त्यांच्यातले निम्मे ते दोन-तृतीयांश लोक बरे झालेले किंवा बरेच सुधारलेले आढळले. कामाच्या बाबतीतही जुना समज मागे पडतो आहे. आधी पूर्ण बरे व्हा, मग नोकरी बघा, असं सांगण्यापेक्षा माणसाला हवी ती, इतरांसारखीच नेहमीची नोकरी लवकर मिळवून द्यायची आणि नंतर सोबत राहायचं, ही पद्धत अनेक देशांतल्या चाचण्यांत सरस ठरली आहे. सुरुवातीला आठवड्याचे थोडे तासही चालतात.