शेडमधला दिवा आणि थांबल्यासारखं दिसणारं चाक

गॅरेजसाठी दिवा घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा?" वॅट म्हणजे दिवा खातो ती वीज. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये, आणि तो आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो. 10 बाय 20 फुटांच्या शेडमध्ये पाना-पक्कड घेऊन नीट काम करायचं तर 20 वॅटच्या, साधारण 2,000 ल्युमेनच्या चार एलईडी पट्ट्या पुरतात. त्या दोन बाजूंना दोन-दोन लावा. मधोमध एकच रांग असेल, तर भिंतीकडच्या टेबलावर वाकताच आपल्याच डोक्याची सावली कामावर पडते. दिवा वायव्येला हवा की आग्नेयेला, यात वेळ घालवू नका. दिशा बदलून एक ल्युमेनही वाढत नाही.

खरा धोका वेगळाच आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्या घरातला वीजप्रवाह सेकंदाला 50 आवर्तनं करतो आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो. म्हणजे सेकंदाला 100 वेळा. जुन्या पिवळ्या बल्बची तार तेवढ्यात थंड होत नाही, म्हणून उजेड जेमतेम हलतो. एलईडी मात्र प्रवाह थांबताच विझते. चांगल्या दिव्यातला कपॅसिटर मधल्या क्षणांत साठवलेली वीज पुरवतो. स्वस्त दिव्यात तो नसतोच किंवा अगदी छोटा असतो, आणि दिवा सेकंदाला 100 वेळा मालवतो. डोळ्यांना ते कळत नाही.

आता शेडमध्ये कडबा कुट्टीची मोटर आहे, मिनिटाला 1,440 फेऱ्यांची, आणि तिच्या शाफ्टवर चार आऱ्यांची पुली आहे असं धरू. सेकंदाला 24 फेरे. उजेडाच्या दोन ठिणग्यांमध्ये पुली 86.4 अंश फिरते. आरे 90 अंशांवर आहेत, म्हणून प्रत्येक आरा आधीच्या आऱ्याच्या जागेच्या 3.6 अंश अलीकडे दिसतो. सेकंदाला अशा 100 ठिणग्या, म्हणजे 360 अंश. सुसाट फिरणारी पुली सेकंदाला एकच फेरा घेत उलटी फिरताना दिसते. मोटर मोकळी चालून वेग 1,490 झाला तर हाच फरक 0.6 अंशावर येतो आणि पुली जवळजवळ थांबल्यासारखी दिसते. कडा पुसट असतात, पण घाईत तिकडे कोण बघतं? गोंगाटात, बंद आहे असं समजून पट्ट्याकडे हात जातो. कुट्टी यंत्रात बोटं गमावलेली माणसं गावोगाव आहेत. त्या जोखमीत दिव्याने भर घालू नये.

तपासणी सोपी आहे. त्या एकाच दिव्याखाली पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर दिवा चांगला. सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो लुकलुकतोय. मोबाइलच्या कॅमेऱ्यात सरकणारे काळे पट्टे दिसले तरी तेच समजा.

ही तपासणी दरवर्षी करावी, कारण कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. ढोबळमानाने तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखाली काय तापतं ते सांगायला नको. पट्टी पत्र्याला चिकटवून न लावता फूटभर खाली टांगा. पेन्सिल सुटी दिसू लागली तर दिवा बदला, आणि तो बदलेपर्यंत यंत्राजवळ एक 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवा.