सिनेट, शस्त्रनियंत्रण आणि युद्धाची परवानगी

अणुशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत 'कौन्सिल फॉर अ लिव्हेबल वर्ल्ड' ही संस्था काढली ती अण्वस्त्रस्पर्धेला आळा घालण्यासाठी. सगळा भर त्यांनी सिनेटवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर दिला. शस्त्रकरार मंजूर व्हायला तिथली दोन तृतीयांश मते लागतात. शिवाय लहान राज्यातली निवडणूक कमी पैशांत लढता येते आणि निवडून आलेल्याचे मत मोठ्या राज्याच्या सिनेटरइतकेच मोजले जाते. पहिल्याच वर्षी देणगीदारांनी साऊथ डकोटात जॉर्ज मॅकगव्हर्न यांना हात दिला. ते अवघ्या ५९७ मतांनी निवडून आले.

ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिन आखाताचा, म्हणजे व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरण्याची मुभा राष्ट्राध्यक्षांना देणारा ठराव आला, तेव्हा याच मॅकगव्हर्न यांनी बाजूने मत दिले. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २, प्रतिनिधिगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, ४१६ विरुद्ध शून्य. ठरावात ना ठरावीक मुदत होती, ना सैन्याची मर्यादा. शस्त्रांची मोजदाद करणाऱ्यांना ठरावाचा मसुदाही वाचावा लागतो, हे व्हिएतनामने शिकवले.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार मोडून नोव्हेंबर १९७३ मध्ये वॉर पॉवर्स रिझोल्यूशन हा युद्धाधिकाराला वेसण घालणारा कायदा झाला. सैन्य चकमकीत उतरवले तर ४८ तासांत काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला कळवायचे; ६० दिवसांत मंजुरी नसेल तर माघार, त्यासाठी फार तर आणखी ३० दिवस. पळवाट मात्र आतच राहिली. मुदत सुरू करणारे कलम अहवालात नमूद करण्याचे राष्ट्राध्यक्ष टाळतात. ते स्पष्टपणे लिहिले फक्त फोर्ड यांनी, कंबोडियाने पकडलेल्या अमेरिकी जहाजाच्या, १९७५ च्या मायागेझ प्रकरणात. खरा घाव १९८३ चा. इमिग्रेशनच्या चढ्ढा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांच्या सहीविना चालणारा संसदीय नकार घटनाबाह्य ठरवला. साध्या बहुमताच्या ठरावाने सैन्य मागे बोलवण्याची वॉर पॉवर्स रिझोल्यूशनमधली सोय अशाच नकारावर उभी होती; आता ते बहुमत पुरत नाही. नकाराधिकार आला की दोन तृतीयांश हवेत.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर बळाचा वापर करू देणाऱ्या २००१ च्या ठरावात तर शत्रुदेशाचे नावही नाही आणि मुदतही नाही. प्रतिनिधिगृहात विरोधात एकच मत पडले, बार्बरा ली यांचे.

येमेनमध्ये शस्त्रविक्री आणि युद्धाधिकार हे दोन्ही प्रश्न एकत्र आले. २०१९ मध्ये दोन्ही सभागृहांनी सौदीप्रणीत लष्करी मोहिमेतला अमेरिकेचा सहभाग थांबवायला सांगितले आणि पुढे शस्त्रविक्रीही नाकारली. ट्रम्प यांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. सहभागाच्या ठरावावरचा नकाराधिकार मोडण्यासाठी सिनेटमध्ये ५३ विरुद्ध ४५ मते पडली. दोन तृतीयांशांना ती अपुरी होती.

त्यामुळे जाणकार प्रचारक तिजोरीकडे बोट दाखवतात. कंबोडियावरची बॉम्बफेक १५ ऑगस्ट १९७३ ला थांबली ती निधी तोडल्यामुळे. नव्या खर्चाला काँग्रेसने मंजुरीच दिली नाही, तर नकाराधिकार वापरायला समोर विधेयकच नसते.