1948 ची गाडी, 1962 चे टायर

हॉट रॉड म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी. तिचं छोट्या मापातलं मॉडेल कोणत्या वर्षातलं, हे बॉडी सांगत नाही. 1932 ची फोर्ड रोडस्टर 1941 मध्येही हॉट रॉड होती, 1951 मध्येही आणि 1965 मध्येही. पत्रा तोच, बऱ्याचदा फोर्डचं जुनं आठ सिलिंडरचं फ्लॅटहेड व्ही-8 इंजिनही तेच. काळाची खूण टायरवर असते, आणि मॉडेलवाल्यांची चूक सगळ्यात जास्त तिथेच होते.

मूळ चाकांचा हिशोब सोपा आहे. फोर्डच्या मॉडेल ए ची चाकं 1928-29 मध्ये 21 इंची, पुढची दोन वर्षं 19 इंची. 1932 ला 18, 1933-34 ला 17 आणि 1935 पासून 16. पण हॉट रॉडवर मूळ चाकं टिकायची क्वचितच. 1939 पासून फोर्डला हायड्रॉलिक ब्रेक आले. जुन्या गाडीचे ब्रेक तारा-दांड्यांवर चालणारे, त्यामुळे वेग वाढवणारा माणूस आधी ब्रेक बदलायचा. नव्या गाडीचे ड्रम घेतले की तिची 16 इंची पोलादी चाकंही बऱ्याचदा सोबत यायची. चाकाचे पाच बोल्ट साडेपाच इंची वर्तुळावर बसवायचे, हे माप 1932 च्या आणि 1940 पासूनच्या गाड्यांत सारखंच होतं. म्हणून चाळिशीच्या दशकातल्या 1932 च्या गाडीखाली 16 इंची चाक हे नियमाला अपवाद नाही. तोच नियम आहे.

पुढे लहान, मागे मोठा टायर ही ठेवणसुद्धा निव्वळ दिखाऊपणातून आली नाही. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या सरोवरांच्या तळावर, म्युरॉक आणि नंतर एल मिराजला, गाड्या लांब पल्ल्यावर पूर्ण वेगाने पळायच्या. मागचा टायर उंच असला की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, इंजिनाचे फेरे तेवढेच राहतात. पुढे 5.00-16, मागे 7.00-16 अशी जोडी असायची (पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा चाकाचा व्यास, दोन्ही इंचांत). ढोबळ हिशोबाने उंची 26 आणि 30 इंच. 1/25 मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये ती 26.4 आणि 30.5 मिलिमीटर होते. कॅलिपर लावून बघा, किटमधले, म्हणजे मॉडेल जोडायच्या डब्यातले चारही टायर एकाच उंचीचे निघाले तर सरोवरावरची गाडी तिथेच खोटी पडते.

जानेवारी 1942 मध्ये अमेरिकेत टायरवर रेशनिंग आलं. पांढऱ्या पट्ट्याची चैन बंदच झाली. युद्धकाळातल्या किंवा युद्ध संपताच बांधलेल्या गाडीला काळे, थोडे झिजलेले टायर शोभतात. शोरूममधल्यासारखे चकचकीत नाहीत.

आता खरा गोंधळ. स्लिक म्हणजे नक्षी नसलेला सपाट टायर. तो सरोवराचा नाही, ड्रॅग शर्यतीचा, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून थोडं अंतर सरळ पळायच्या शर्यतीचा. 1950 मध्ये सांता आनाला विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. पाव मैलात टॉप स्पीडपेक्षा उभ्या जागेवरून सुटताना मिळणारी पकड महत्त्वाची. म्हणून जुन्या टायरची नक्षी घासून काढायची आणि त्यावर साच्यात मऊ, रुंद, सपाट रबर चढवायचं. आपल्याकडे ट्रकचे टायर रिमोल्ड करतात, तत्त्व तेच. या साच्यामुळे सपाट पट्ट्याच्या कडेला बारीक खाचांची ओळ उमटायची. तिकडच्यांना त्यात 'पाय' (pie) या भाजलेल्या पदार्थाच्या कडेची चुण्या पाडलेली पारी दिसली, म्हणून नाव पडलं पायक्रस्ट. आपल्याला त्यात करंजीची मुरड दिसेल.

चीटर स्लिक हे वेगळं प्रकरण. ज्या वर्गात रस्त्यावरचेच टायर लावायचा नियम होता, तिथे सपाट टायरवर दोन-चार बारीक चर पाडले की तो कागदोपत्री नक्षीचा टायर ठरायचा. म्हणजे पायक्रस्ट हे कडेचं वर्णन आहे आणि चीटर ही नियमातली पळवाट. एकाच टायरला दोन्ही शब्द लागू पडू शकतात, एकच लागू पडू शकतो, किंवा एकही नाही. मॉडेलच्या जगात मात्र दोन्ही नावं सरसकट एकमेकांच्या जागी वापरली जातात. काहींच्या मते एवढी चिरफाड कशाला, जुना स्लिक तो जुना स्लिक. मला ते पटत नाही. चर असलेला टायर त्या गाडीचा वर्ग सांगतो. निव्वळ शर्यतीसाठी बांधलेल्या, हेडलाइट काढलेल्या गाडीला नियम चुकवायचं कारणच काय? साठीच्या दशकाच्या मध्यावर सुटताना बाजूला सुरकुत्या पडणारे, कमी हवेचे रुंद स्लिक आले आणि मुरडवाले मागे पडले. ते सुरकुतीवाले 1955 च्या गाडीखाली दिसले की डोळ्यात खुपतात.

पांढऱ्या पट्ट्याचं एकच लक्षात ठेवायचं: 1962 सालच्या गाड्यांपासून डेट्रॉइटच्या, म्हणजे अमेरिकन कारखान्यांच्या गाड्यांवर तो साधारण इंचभर उरला. त्याआधी रुंद. 1/25 मापात एक मिलिमीटर आणि तीन मिलिमीटर यांतला हा फरक, पण नजरेला लगेच कळतो.

या सगळ्या सरमिसळीचं मूळ किटमध्येच आहे. पन्नाशीचं दशक संपताना प्लास्टिकची 1/25 किट्स आली. एकाच डब्यातून गाडी मूळ रूपात, सजवून किंवा शर्यतीची म्हणून बांधता यायची. त्यात घातलेले टायर होते त्या दिवसांत दुकानात आणि शर्यतीत दिसणारे. आज आपल्याला ते जुने वाटतात, म्हणून 1948 च्या गाडीलाही चालतील असं गृहीत धरलं जातं. त्यात दुसऱ्या कंपन्यांची 1/24 किट्स. तिथला 28 इंची टायर 29.6 मिलिमीटर, 1/25 मध्ये तो 28.4. ड्रॉवरमध्ये दोन्ही एकत्र पडले की कोणता कुठला हे कळत नाही.

पुढे नावाच्या परवान्यांमुळे अनेक किट्समधल्या टायरवरची कंपन्यांची अक्षरं गेली. कोरे टायर आले. अलीकडे काहींवर ती पुन्हा छापून येतात. व्हिनाइल टायर वर्षानुवर्षं रिमवर चढलेला राहिला तर त्यातलं मऊ करणारं रसायन प्लास्टिकचं रिम वितळवतं, हे जुनं दुखणं आहे. म्हणून रेझिनचे, आणि आता थ्री-डी प्रिंट केलेले टायर घेणारे वाढले. त्यांतले बरेचसे आज नव्याने सजवलेल्या गाड्या बघून काढलेले असतात, आणि त्या गाड्यांना रुंद पांढरा पट्टा मालकाच्या हौसेने लावलेला असतो, मग बांधणी 1946 ची का असेना.